कोळसा उगाळणारा चित्रकार

‘मांडणशिल्प’ हा शब्द मराठीत येऊन बरीच वर्षे झाली, तरी घराघरांत तो अजून रुळलेला नाही. चित्र म्हटले की चौकट डोळ्यांपुढे येते. शिल्प म्हटले की चौथऱ्यावरचा पुतळा. मांडणशिल्प म्हटले की सभ्य माणूस जरा गप्प बसतो आणि शेजारच्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. खोलीभर काही वस्तू ठेवलेल्या, भिंतीवर काही रेखाटलेले, कोपऱ्यात एखादा दिवा, पडद्यावर हलणारी चित्रे, आणि आपण या सगळ्याच्या मधून चालत जावयाचे. हे चित्र म्हणावे, शिल्प म्हणावे की नाटकाचा देखावा म्हणावा, असा प्रश्न पडतो. तो पडण्यात कमीपणा काही नाही.

परंतु दिवाळीच्या दिवसांत तरी मराठी माणसाने या कलाप्रकाराला अगदीच परका समजू नये. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून, वर चिखल लिंपून पोरे जो किल्ला करतात, तो दुसरे काय असतो? त्यावर अळीव पेरतात, मावळे उभे करतात, पायथ्याशी ताटलीचे तळे करतात. आमच्या जामखेडच्या पोरांना तर नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही; खर्ड्याचा किल्ला तालुक्यातच आहे आणि १७९५ ची लढाई त्यांनी शाळेत नाही तरी आजोबांकडून ऐकलेली असते. हा किल्ला कोणी विकत घेत नाही की चौकटीत बसवीत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत तो ढासळू लागतो. तो त्या अंगणाचा, त्या आठवड्याचा आणि ज्या हातांनी केला त्या हातांचा असतो. गणपतीपुढची आरास घ्या, उंबऱ्यापुढची रांगोळी घ्या. मांडून मोडण्याची कला आपल्याकडे पिढीजात आहे. मांडणशिल्पकार ही मांडणी देवापुढे न करता माणसापुढे करतो आणि पाहणाऱ्याला तिच्या आत ओढतो, एवढाच फरक.

असे काम करणाऱ्यांपैकी श्री. प्रभाकर पाचपुते यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. पाचपुते हे आडनाव ऐकले की आमच्या जिल्ह्यातला माणूस लगेच श्रीगोंद्याची चौकशी करतो. परंतु हे पाचपुते चंद्रपूरकडचे. राजुरा तालुक्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात सास्ती नावाचे गाव आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या दगडी कोळशाच्या खाणींनी वेढलेले हे गाव. तेथे १९८६ साली त्यांचा जन्म झाला. घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीशी बांधलेल्या. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात त्यांनी शिल्पकलेची पदवी घेतली. संस्थानच्या राजदंपतीने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने, स्वतःचा राजवाडा देऊन १९५६ साली काढलेले हे विद्यापीठ. खाणकामगाराच्या घरातला मुलगा राजवाड्यात बसून शिल्पकला शिकला, हा योगही पाहण्यासारखा आहे. पुढे बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी त्याच विषयाचे उच्च शिक्षण घेतले, आणि २०१२ साली मुंबईत क्लार्क हाउस येथे त्यांचे पहिले एकट्याचे प्रदर्शन झाले.

मी कलासमीक्षक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा शाळेत मुलांना शिकवण्याचा आणि मधल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. तेव्हा शैली, संप्रदाय वगैरे शब्द मी जपून वापरीन. पण ज्या माणसाने आपल्या गावावर, आपल्या घरातल्या श्रमावर लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे काम किती अवघड असते याची थोडी कल्पना असते. त्या अधिकारात हे लिहीत आहे.

क्लार्क हाउसविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कुलाब्याच्या बाजूला, रीगल सिनेमाजवळच्या एका जुन्या इमारतीत झाशा कोला आणि सुमेश शर्मा या दोघांनी २०१० साली ही जागा सुरू केली. विक्रीच्या गॅलऱ्यांत ज्यांना सहज शिरकाव मिळाला नसता अशी तरुण मंडळी तेथे जमली. अमोल पाटील, योगेश बर्वे, सचिन बोंडे, रूपाली पाटील ही त्यांतलीच नावे. अमोल पाटील पुढे २०२२ साली जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात पोचले. मराठी आडनावांचा एवढा घोळका जगाच्या कलाव्यवहारात एका खोलीतून बाहेर पडला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन वर्तुळात म्हणावी तितकी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावर आपण महिनामहिना बोलतो!

पहिल्या प्रदर्शनाला पाचपुते यांनी नाव दिले होते ते कोळशाच्या खाणीतल्या कॅनरी पक्ष्याचे. इंग्लंडातील खाणकामगार पिंजऱ्यात हा पिवळा पक्षी घेऊन खाली उतरत. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही; पण माणसाच्या आधी पक्षी लटपटतो, आणि तेवढ्या अवधीत माणसे वर पळतात. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती सुचवली. आपल्या चित्रकाराने हा पक्षी नुसता शोभेसाठी घेतलेला नाही. चित्रकार हाही असाच पिंजऱ्यातून खाली पाठवलेला प्राणी आहे, आणि तो गुदमरला तर वरच्यांनी काय समजावयाचे ते समजावे, असा त्यात भाव आहे. पंचविशीतल्या माणसाने आपल्या पहिल्याच प्रदर्शनाला असे नाव द्यावे यात थोडा अभिनिवेश आहे खरा. परंतु तो त्याच्या घरून आलेला आहे, पुस्तकातून नव्हे.

या प्रदर्शनात खोल्यांच्या भिंतींवर थेट कोळशाने चित्रे काढलेली होती. त्यांच्या जोडीला लहान शिल्पे आणि कोळशाच्याच रेखाटनांतून केलेली हलती चित्रे. येथे माझा मुद्दा सुरू होतो. पाचपुते यांच्यावर इंग्रजीत लिहिणारी मंडळी हटकून सांगतात, की हा खाणकामगाराचा मुलगा कोळशाने खाणकामगार रंगवतो. आता इंग्रजीत या दोन कोळशांना दोन वेगळे शब्द आहेत. चित्रकाराच्या हातातली कांडी लाकूड जाळून केलेली असते. खाणीतला कोळसा कोट्यवधी वर्षे दबलेल्या झाडांचा दगड असतो. त्यामुळे इंग्रजीत ही सांगड जरा ओढूनताणून घालावी लागते. मराठीत मात्र दोन्हीला कोळसाच म्हणतात. फार तर एक लाकडी, दुसरा दगडी. आमच्या आज्या ज्या कोळशाने दात घाशीत, ज्याने इस्त्री तापे, ज्याने आगगाडी चाले आणि ज्याने शाळेच्या भिंतीवर वात्रट पोरे मास्तरांचे चित्र काढीत, तो सगळा एकच. पाचपुते यांची कला या एका शब्दाच्या पोटात आधीच बसलेली होती. त्यांनी ती बाहेर काढली, खणून काढली म्हणा.

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असे आपण म्हणतो, आणि म्हणताना तोंड वाकडे करतो. चित्रकाराला मात्र ही म्हण तक्रार वाटत नसावी. हलका दाबला तर तो कोळसा धुरासारखा पसरतो, बोटाने चोळला तर खाणीच्या तोंडाशी असतो तसला अंधुक उजेड होतो, जोर दिला तर भिंतीला भोक पडल्यासारखा काळा होतो. पाचपुते यांच्या चांगल्या चित्रांत हा शेवटचा काळेपणा पाहण्यासारखा असतो. तो सावलीचा काळेपणा नसतो. तेथे जमीन संपली आहे असे वाटते.

आता पुसण्याची गोष्ट. भिंतीवर काढलेले चित्र प्रदर्शन संपले की पुसले जाते किंवा त्यावर पांढरा रंग दिला जातो. म्हणून पाचपुते यांची पुष्कळशी भित्तिचित्रे आज छायाचित्रांतच उरली आहेत. एका परीने हे आम्हा खेड्यातल्या लोकांच्या पथ्यावर पडले; मुंबईचा समीक्षक आणि जामखेडची मास्तरीण, दोघांनाही आता तेच छायाचित्र पाहावे लागते. ही पद्धत मुंबईला नवी नव्हती. नलिनी मलानी यांनी १९९२ साली केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर चित्रे काढून ती मुदत संपताच पुसून टाकली होती. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे हयगयीने नष्ट होत होती, त्याचा निषेध त्या पुसण्यात होता. म्हणजे जे जपावयास हवे ते जपले जात नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी आपले स्वतःचे काम घालवले.

पाचपुते यांच्या पुसण्यात मला वेगळी गोष्ट दिसते. मी रोज फळ्यावर लिहिते आणि रोज पुसते. पुसण्याविषयी माझी काही मते बनली आहेत. पुसताना खडू पूर्ण जात नाही. कालच्या गणिताचा धुरकट ठसा आजच्या कवितेखाली राहतो, आणि मागच्या बाकावरचा पोरगा नेमका तोच वाचीत बसतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने चंद्रपूर-बल्लारपूरच्या रस्त्याने जाण्याचा योग आला. तेथे मला टेकड्या दिसल्या. मी सोबतच्या बाईंना डोंगराचे नाव विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘तो डोंगर नव्हे हो, खाणीची माती आहे.’ उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची सगळी जमीन सुरुंग लावून काढतात आणि बाजूला रचतात. शेत, बांध, विहीर, पायवाट, मसणवट, जे काही वर असेल ते सगळे उलटे होऊन त्या ढिगाऱ्यात जाते. तळाची माती वर येते आणि वरची सुपीक माती तळाशी जाते. ढिगाऱ्यावर पुढे झुडपे उगवतात आणि माझ्यासारखी परगावची बाई त्याला डोंगर समजते. अशा मुलखात जन्मलेल्या माणसाला ‘तुमचे चित्र प्रदर्शनानंतर पुसले जाईल’ असे सांगितले तर त्याला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्याने जमीन पुसली जाताना पाहिली आहे.

तरीही दोन पुसण्यांत फरक आहे, आणि तो लपवून चालणार नाही. चित्रकार आपले चित्र आपल्या मर्जीने पुसू देतो. त्याचे नाव पुसल्याने वाढते, पुढच्या भिंतीचे आमंत्रण येते. ज्याचे शेत खाणीत गेले त्याला मर्जी कोणी विचारली नव्हती. विचारली असेल तर दर ठरवण्यापुरती. पाचपुते यांची २०१२ ते २०१५ च्या सुमाराची चित्रे मला सर्वांत मोलाची वाटतात, ती हा फरक त्यांच्यातच जाणवतो म्हणून. २०१३ साली कोलकात्याच्या एक्स्पेरिमेंटर गॅलरीत जे प्रदर्शन झाले त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘जमीन खाणारे’ असा होता. खाणारा कोण? कंपनी म्हणावी, तर त्या कंपनीच्या पगारावर घर चालते. कामगार म्हणावा, तर त्याचीच जमीन गेलेली. चित्रकार म्हणावा, तर तोही त्याच जमिनीवर जगतो आहे. आपले हात स्वच्छ आहेत असा आव या चित्रांत कोठे नाही, आणि कोळशाने काम करणाऱ्याला तो आणताही येणार नाही.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज यांच्याशी पाचपुते यांची तुलना वारंवार होते. कोळशाची रेखाटने आणि हलती चित्रे दोन्हींकडे असल्यामुळे ती व्हावयाचीच. केंट्रिज एकाच कागदावर काढतात, छायाचित्र घेतात, पुसतात, पुन्हा काढतात. पुसल्याची खूण कागदावर राहते आणि तीच चित्रपटात हलते. त्यांचा ‘माइन’ नावाचा १९९१ चा लघुपट आहे. त्यात खाणीचा मालक अंथरुणात बसून न्याहारी करतो. कॉफी गाळण्याच्या भांड्याचा दट्ट्या तो खाली दाबतो आणि तो दट्ट्या भांड्याचा तळ, ताट, पलंग, जमीन भेदून खाली खाली जातो, आणि त्याची खाणीची विहीर होते. विलक्षण कल्पना आहे. परंतु ती पलंगावरून सुचलेली आहे. केंट्रिज यांचे वडील मोठे वकील, नेल्सन मंडेलांच्या बाजूने राजद्रोहाच्या खटल्यात उभे राहिलेले. त्या घरातल्या सत्प्रवृत्त मुलाने वरून खाली पाहिले आणि लाज वाटून चित्र काढले. पाचपुते यांच्या चित्रात पलंग नाही. तेथे नजर खालून वर येते, आणि वर कोण बसले आहे ते नीट दिसतच नाही. याला मी त्यांची मर्यादा समजत नाही. खाणीतून तसेच दिसत असावे.

व्हान गॉग १८७८ च्या अखेरीस बेल्जममधील बोरिनाझच्या खाणकामगारांत धर्मोपदेशक म्हणून गेला, त्यांच्यात राहिला, आणि तेथेच चित्रकार व्हावयाचे त्याने ठरवले, ही कथा आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात गिरणीच्या भोंग्याकडे धावणाऱ्या संथाळ बायका सिमेंटमध्ये उभ्या केल्या. ही मोठी माणसे श्रमिकांकडे गेली. पाचपुते यांना जावे लागले नाही, ते तेथून निघाले. त्यांचा प्रवास उलट्या दिशेचा आहे, आणि या प्रवासात दरवेळी थोडे काही हातातून सुटते. बडोद्यात काही सुटले असेल, मुंबईत काही. २०१४ साली ते ब्राझीलमधील साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गेले, पुढे आणखी देशांत गेले. तेथे सास्तीचा माणूस भिंतीवर उभा राहिला, की भाषा न कळणाऱ्या लोकांना तो ‘कामगार’ म्हणून कळतो, अमक्याचा अमका म्हणून नव्हे. कादंबरीकाराला ही अडचण परिचयाची आहे. गावातल्या माणसाचे पात्र झाले की त्याचे पाय जमिनीपासून इंचभर वर उचलले जातात.

यातून पाचपुते यांनी काढलेली वाट सर्वांना ठाऊक आहे: त्यांच्या माणसांना डोके नसते. धड माणसाचे, हातपाय माणसाचे, पण मानेवर खाणीतला दिवा, यंत्राचा तुकडा, नाहीतर घर. पहिल्यांदा पाहिले की अंगावर काटा येतो. दिवा बांधून खाली उतरणाऱ्या माणसाचा वर्षानुवर्षांनी दिवाच होतो, हे सांगण्यास एक शब्द लागत नाही.

मी एकदा यांतले एक छायाचित्र वर्गात नेले. मुलांना काही सांगितले नाही; कोण आहे ओळखा, एवढेच म्हटले. आमच्या शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले पुष्कळ. दिवाळी झाली की बाके रिकामी पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळ्या निघतात, आणि ट्रॅक्टरच्या मागे भांडी, गोधड्या, शेळी, म्हातारी, पोर असे सगळे घर कारखान्याकडे जाते. त्यांतलाच एक मुलगा पुढे आला, चित्राकडे पाहून म्हणाला, ‘बाई, हा कोयत्याला निघालाय. घर डोक्यावर हाय म्हून तोंड दिसंना.’ त्याने खाण कधी पाहिलेली नाही. मला वाटते पाचपुते यांच्यावर जे छापून आले आहे त्यात याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात नाही.

इतके सांगितल्यावर जे आवडत नाही तेही सांगितले पाहिजे. डोक्याच्या जागी वस्तू ही युक्ती पाचव्यांदा, दहाव्यांदा येते तेव्हा तिचा उखाणा होतो. दिव्याचा माणूस, चाकाचा माणूस, घराचा माणूस. पाहणारा अर्थ ओळखतो, मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. पहिल्या वेळी जो गुदमरल्यासारखा झाला होता तो आता कोडे सुटल्याच्या आनंदात असतो. हे दुःखाचे चित्र काढणाऱ्याला परवडणारे नाही. शिवाय ज्याला डोके नाही त्याचा चेहरा काढण्याच्या जबाबदारीतून चित्रकार सुटतो. खाणीतल्या माणसाला चेहरा असतो, राग असतो, विनोद असतो, पानाचा तोबरा असतो. पगाराच्या दिवशी तो घरी येताना काय काय आणतो हेही असते. हे सगळे पाचपुते यांच्या चित्रांत फार क्वचित येते. व्यवस्थेने माणसाचे यंत्र केले हे खरे. पण ते पुरते झालेले नाही, म्हणून तर खाणवस्तीत गणपती बसतात, भांडणे होतात, लग्ने जमतात. कलावंतानेच त्याचे डोके काढून घेतले तर मालकाचे काम अर्धे सोपे होते, अशी एक शंका माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या काळात त्यांच्या कामात रंग आले, मोठे कॅनव्हास आले, आणि खाणकामगाराच्या शेजारी शेतकरी येऊन उभा राहिला. २०१८ च्या कोचीच्या द्वैवार्षिकात त्यांनी जे काम मांडले त्याच्या नावाचा भावार्थ ‘प्रतिकाराच्या काळातले चिवट देह’ असा होतो. हे नाव वाचले की मला त्याच वर्षीचा मार्च महिना आठवतो. ६ मार्चला नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईत पोचलेला तो शेतकऱ्यांचा पायी मोर्चा, सुमारे १८० किलोमीटरची ती वाट, लाल टोप्या आणि फाटलेले तळपाय. वर्तमानपत्रांतून ते तळपाय सबंध महाराष्ट्राने पाहिले. खाण आणि शेत हे दोन विषय नाहीत, एकाच जमिनीचे वरचे आणि खालचे अंग आहे, हे पाचपुते यांना सास्तीत लहानपणीच कळलेले असणार. चित्रात यावयास मात्र वेळ लागला.

कॅनव्हासाविषयी माझे मत तितकेसे अनुकूल नाही. कॅनव्हास टिकतो, प्रवास करतो, विकलाही जातो. चित्रकारालाही घर चालवावयाचे असते, त्यात वावगे काही नाही. पण भिंतीवरच्या चित्रात जो धोका होता, की हे उद्या नसेल, तो गेला. आणि रंगांनी कोळशाच्या अंधाराला थोडे सुसह्य केले. अपवाद सांगावयाचा तर कार्डिफचा.

वेल्सची राजधानी कार्डिफ. तेथे ‘आर्टेस मुंडी’ नावाचा एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार दर दोन वर्षांनी देतात. त्याच्या नवव्या खेपेला निवडलेल्या सहा कलावंतांत पाचपुते होते. कोरोनामुळे २०२१ साली ते प्रदर्शन आधी घरबसल्याच पाहावे लागले, आणि परीक्षकांनी एकाला न निवडता सहाही जणांना पुरस्कार विभागून दिला. वेल्स म्हणजे कोळशाचा मुलूख. तेथील सेंघेनिड गावच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. आणि अॅबरफॅनची गोष्ट तर कोणत्याही शिक्षकाने मन घट्ट करूनच वाचावी. २१ ऑक्टोबर १९६६ ला, सकाळी मुले नुकतीच वर्गांत बसली असताना, खाणीतून काढून डोंगरउतारावर रचलेला ढिगारा पावसापाण्याने सुटला आणि प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. चंद्रपूरच्या वाटेवर ज्याला मी डोंगर समजले होते तसलाच तो ढिगारा.

अशा लोकांपुढे सास्तीच्या मुलाने आपले चित्र ठेवावयाचे होते. पाचपुते यांनी वेल्सच्या खाणकामगारांच्या चळवळीकडे पाहिले. त्यांच्या संघटनांची निशाणे, मोर्चे, एकजुटीची चिन्हे यांतून उचलले, आणि आपल्याकडचे त्यात मिसळले. निशाण हे मुळात कापडच असते, हातात धरून रस्त्यावर न्यावयाचे. कॅनव्हासाला निशाणाचा बाणा आला तेव्हा तो भिंतीवर टांगण्याची वस्तू राहिला नाही. वेल्सच्या बहुतेक खाणी केव्हाच बंद पडल्या आहेत, सास्तीच्या बाजूला उपसा चालूच आहे. एका देशाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकाच कापडावर येतात. येथे डोके नसलेला माणूसही मला खटकत नाही, कारण मोर्चात चेहरे नाही तरी दिसत नाहीत, गर्दी दिसते. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, व्हेनिसच्या द्वैवार्षिकाच्या मुख्य प्रदर्शनात पाचपुते यांना स्थान मिळाले. चित्रकाराला यापुढे जाण्यास फारशा पायऱ्या उरत नाहीत.

पायऱ्या चढून झाल्यावर आमच्यासारख्यांना एक साधा प्रश्न पडतो: सास्तीच्या माणसाने हे कोठे पाहावयाचे? व्हेनिसला कोण जाणार! आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृह असते, क्रीडासंकुल असते. चित्रे पाहण्यासाठी धड चार भिंती असतील तर नशीब. दोष चित्रकाराचा नव्हे. लेखकाचे पुस्तक निदान तालुक्याच्या वाचनालयात पोचते, कधी वाळवीच्या तरी उपयोगी पडते. मांडणशिल्पाचे तसे नाही. त्याला जागा लागते, दिवे लागतात, माणसांनी आत यावे लागते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी गणेशोत्सवाच्या मांडवाला मिळतात. तो मांडव एखाद्या वर्षी एखाद्या गावाने असल्या चित्रकाराच्या हाती दहा दिवस द्यावा, असे मला फार वाटते. लोक घाबरतील असे म्हणू नका. घर डोक्यावर घेतलेला माणूस आमच्या वर्गातल्या पोराने ओळखला, तो खाणवस्तीतल्या बायकांना ओळखता येणार नाही काय? त्या बहुधा म्हणतील, अमक्याचा पोरगा आहे ना हा, आणि चित्रातल्या बुटांवरून, चालण्याच्या लकबीवरून माणसांची नावे सांगू लागतील. डोके नसले तरी.

त्या कॅनरीचे सांगावयाचे राहिले. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी काढून त्यांच्या जागी वायू ओळखणारी यंत्रे ठेवण्याचे ठरले ते १९८६ साली, म्हणजे पाचपुते यांच्या जन्माच्याच वर्षी. पक्ष्यांना नेण्याच्या काही पिंजऱ्यांवर प्राणवायूची छोटी नळकांडी बसवलेली असे. पक्षी लटपटला की पिंजऱ्याचे दार लावून ती उघडावयाची, म्हणजे तो पुन्हा शुद्धीवर येई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली जाई. कामगारांना त्यांचा लळा असे.

पाचपुते हल्ली पुण्यात राहून काम करतात. जामखेडहून पुण्याला सकाळची गाडी आहे. त्यांनी महाराष्ट्रात पुन्हा कधी भिंतीवर कोळसा धरला, तर ते चित्र मला छायाचित्रात पाहावयाचे नाही. रजा टाकून, भिंत पांढरी होण्याच्या आत जाऊन यावयाचे आहे. त्या कोयत्याच्या पोरालाही बरोबर नेले असते, पण तो एप्रिलपर्यंत गावात नसतो.